प्रणयकथेची गोडी कशांत आहे?

बीड जिल्ह्यांत परळी आणि अंबाजोगाई हीं दोन क्षेत्रें एकमेकांपासून सुमारें २५ किलोमीटरांवर आहेत. परळीस वैद्यनाथ आहे, अंबाजोगाईस योगेश्वरी आहे, आणि या दोघांच्या मध्यें एक न झालेलें लग्न आहे. लोककथा अशी कीं, योगेश्वरीचें वैद्यनाथाशीं लग्न ठरलें, वऱ्हाड निघालें, परंतु तें पोहोंचेपर्यंत मुहूर्त टळून गेला. वऱ्हाडी जेथल्या तेथें दगड झाले आणि देवी कुमारिकाच राहिली. गांवाजवळच्या खडकांत कोरलेल्या जुन्या लेण्यास लोक जोगाईचा मंडप म्हणतात; तेथील दगडी हत्तींवरून त्यास हत्तीखाना असेंही नांव पडलें आहे. लेण्यांचा अभ्यासक त्याचा काळ आणि राजवंश ठरवीत बसेल. गांवच्या माणसास तो लग्नाचा मांडव वाटतो, आणि मांडव आहे पण लग्न नाहीं ही गोष्ट त्याच्या मनास शतकानुशतकें चटका लावीत आली आहे.

ही कथा ऐकणाऱ्या प्रत्येकास तिचा शेवट आधींच ठाऊक असतो. तरीही ऐकतां ऐकतां त्याच्या मनांत येतेंच कीं, वऱ्हाड घटकाभर आधीं निघालें असतें तर! त्या घटकेभराच्या अंतरांत श्रोत्याचें सारें मन गुंतून पडतें. ललितवाङ्मयांतील प्रणय वाचकांस कां आवडतो, या प्रश्नाचा उलगडा येथूनच होऊं लागतो.

या प्रश्नास नेहमीं जीं उत्तरें दिलीं जातात तीं खोटीं नाहींत, पण तीं अपुरीं आहेत. प्रेम ही माणसाची स्वाभाविक भावना आहे, म्हणून प्रेमाची गोष्ट आवडते असें म्हणतात. भूक हीही स्वाभाविकच आहे. परंतु पोटभर जेवलेल्या माणसाची तीनशें पानांची कादंबरी कोणी वाचणार नाहीं. नायक देखणा आणि नायिका सुंदर असते म्हणून वाचक भुलतो असें दुसरें उत्तर. पण पहिल्याच पानावर भेट, दुसऱ्या पानावर होकार आणि तिसऱ्यावर अक्षता, अशी देखण्या जोडप्याची गोष्ट कोणाही संपादकास लिहून पाठवावी. ती साभार परत येईल. संसाराच्या कटकटींतून घटकाभर सुटका व्हावी म्हणून अशा कथा वाचतात, हें तिसरें उत्तर. सुटका तर हेरांच्या आणि भुतांच्या गोष्टींतही होते. प्रणयकथेंत असें निराळें काय आहे, हें या तिन्ही उत्तरांतून कळत नाहीं.

निराळें आहे तें अंतर. एका जिवास दुसऱ्याची ओढ लागली आहे आणि ती पुरी होण्यास अद्याप अवकाश आहे, अशा मधल्या काळाची कथा म्हणजे प्रणयकथा. या मधल्या काळांत इच्छेस बोलतां येतें, ती नाकारली जाऊं शकते, तिच्यासाठीं माणूस धाडस करतो, आणि तें धाडस वायां जाण्याचें भय सतत डोक्यावर असतें. व्यवहारांत लग्न ठरतें तें कुळ, शेती, देणेंघेणें आणि चार वडीलधाऱ्यांची सोय पाहून. सुपारी फुटते तेव्हां ज्या मुलीची सोयरीक ठरत असते ती बहुधा आंत माजघरांत असते. कथेंत नेमकी ती माजघरांतली व्यक्ति मध्यभागीं येते आणि तिला काय हवें आहे यावर सारें कथानक फिरूं लागतें. बैठकींत ज्या इच्छेचें मोल कवडीचें, तिच्यासाठीं येथें राजे रथ जोडतात. वाचकास जी भुरळ पडते ती या उलटापालटीची.

हें किती जुनें आहे तें पाहण्यास फार दूर जावें लागत नाहीं. बीड जिल्ह्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते आणि तिच्या कांठीं, जिल्ह्याच्या हद्दीपासून जवळच, पैठण आहे. पैठणच्या एकनाथांनीं शके १४९३, म्हणजे इ. स. १५७१ मध्यें, काशीस राहून 'रुक्मिणीस्वयंवर' पुरें केलें. अठरा प्रसंगांचा आणि १७००हून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ मराठी घरांत जितका वाचला गेला तितकी क्वचितच एखादी प्रेमकथा वाचली गेली असेल. उपवर मुलीनें याचें पारायण केलें म्हणजे तिला मनाजोगता वर मिळतो, अशी श्रद्धा महाराष्ट्रांत सर्वत्र आहे. म्हणून ज्या घरांत कादंबरीस मज्जाव होता त्या घरांतही ही पोथी मुलीच्या हातीं मुद्दाम दिली जाई.

आतां या पोथींतली गोष्ट काय आहे हें जरा थांबून पाहावें. विदर्भाचा राजा भीष्मक. त्याची मुलगी रुक्मिणी. तिनें कृष्णास पाहिलेलेंही नाहीं. त्याचे गुण केवळ ऐकले आहेत आणि मनानें त्यास वरलें आहे. बापाची हरकत नाहीं, पण थोरला भाऊ रुक्मी यानें शिशुपालाचें स्थळ ठरविलें आहे, आणि भावापुढें बापाचें चालत नाहीं. लग्नाचा दिवस नेमला गेला, पाहुणे जमूं लागले. अशा वेळीं ही मुलगी एका ब्राह्मणास विश्वासांत घेते आणि द्वारकेस पत्र धाडते. भागवताच्या दशमस्कंधांत हें पत्र अवघ्या सात श्लोकांचें आहे. त्यांत विनवणी आहे, पण हिशेबही आहे. लग्नाच्या आदल्या दिवशीं कुलाचाराप्रमाणें आपण नगराबाहेर देवीच्या दर्शनास जाणार आहों, अंतःपुरांत शिरून आप्तांस मारण्याचा प्रसंग त्यामुळें येणार नाहीं, तेव्हां तेथूनच आपणांस न्यावें, अशी जागा आणि वेळ ती स्वतः नेमून देते. न आलांत तर हा देह टाकीन, पुढच्या शंभर जन्मांतही हेंच करीन, असेंही बजावते. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त मुलीनेंच काढावा, ही गोष्ट त्या काळच्या कोणत्याही बैठकींत घडणें शक्य नव्हतें.

पत्र गेलें, आणि येथून पुढें खरी गोडी सुरू होते. द्वारका दूर आहे. ब्राह्मण पोहोंचला कीं नाहीं, पोहोंचला तर पत्र मान्य झालें कीं नाहीं, हें कळण्यास मार्ग नाहीं. एकच रात्र उरली. रुक्मिणी विचार करते कीं, आपल्यांतच कांहीं उणें दिसलें असेल, म्हणून तो आला नाहीं. मग डावा डोळा लवतो, बाहु स्फुरण पावतो, आणि तेवढ्यांत ब्राह्मण दारांत उभा दिसतो. त्याच्या चेहऱ्यावरून तिला उत्तर कळतें. कृष्ण हा ईश्वर आहे, तो येणारच, हें वाचणारी मुलगी पोथी उघडण्यापूर्वींच जाणत असते. तरी या रात्रीं तिचा जीव टांगणीस लागतोच. शेवट ठाऊक असल्यानें उत्कंठा मरते असें समजणें चूक आहे. काय होणार ही उत्कंठा फक्त पहिल्या वाचनाची. होईपर्यंत तिनें कसें सोसलें, ही उत्कंठा दहाव्या वाचनासही पुरते. प्रणयकथा पुन्हां पुन्हां वाचली जाते ती याच कारणानें, आणि तिच्या वाचकांस जे हंसतात त्यांच्या ध्यानांत हें येत नाहीं.

येथें एक मौजेची विसंगति आहे. थोरल्या भावानें ठरविलेलें स्थळ नाकारून, पत्र धाडून, ऐन लग्नाच्या आदल्या दिवशीं रथांत बसून गेलेल्या मुलीची ही कथा. आणि ती वडीलधारीं माणसें घरांतल्या मुलीकडून श्रद्धेनें वाचवून घेत, तीही अशासाठीं कीं, त्यांनीं पाहिलेलें स्थळ लवकर जुळून यावें! नाथांनीं या विवाहास जीवशिवाच्या ऐक्याचा अर्थ दिला आहे, आणि तो अर्थ वरवरचा नव्हे. ग्रंथाचा तो गाभा आहे. पण त्याच नाथांनीं लग्नाचे सोहळे मराठी घरांतल्या चालीरीतींनीं रंगविले आहेत. त्यामुळें अध्यात्म न कळणाऱ्या मुलीसही ती कथा आपल्याच गांवांत घडल्यासारखी वाटते. वडीलधाऱ्यांना फलश्रुति दिसली, मुलींना पत्र दिसलें. एकच पोथी दोघांस दोन कारणांनीं प्रिय झाली.

एकनाथांच्याही आधीं सुमारें तीनशें वर्षें ही कथा महानुभावांनीं मराठींत आणली होती. याच जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं पांचाळेश्वर हें महानुभावांचें मोठें तीर्थस्थान आहे. या पंथांतील नरेंद्र कवीचें 'रुक्मिणीस्वयंवर' रामदेवराव यादवास इतकें आवडलें कीं, ओवीमागें सोन्याचें नाणें देऊन तें आपल्या नांवावर करून घेण्याची त्याला इच्छा झाली. कवीनें नकार दिला, अशी हकीकत पंथाच्या परंपरेंत सांगतात. परंतु नरेंद्राहून अधिक विचार करावासा वाटतो तो महदाइसेचा. मराठींतील ही आद्य कवयित्री बालविधवा होती. ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंनीं लग्नाची लहर धरली, तेव्हां त्या प्रसंगीं गाण्यासाठीं तिनें जे 'धवळे' रचले त्यांचा विषय रुक्मिणीचेंच लग्न होता. जिचा स्वतःचा संसार सुरू होण्यापूर्वींच संपला होता तिनें दुसरीच्या पत्राची, वाट पाहण्याची आणि मीलनाची गाणीं रचावीं, याचें नवल वाटूं नये. प्रणयकथेचा वाचकवर्ग केवळ तरुण आणि सुखी माणसांचा असतो ही समजूत महदाइसेनें तेराव्या शतकांतच खोटी पाडली आहे. ज्यांच्या वांट्यास तो मधला काळ आलाच नाहीं त्यांनाच त्याची कथा अधिक हवीशी वाटते.

याहून मागें गेलें तर 'लीलावई' हें महाराष्ट्री प्राकृतांतील काव्य भेटतें. सुमारें आठव्या शतकांतल्या कोऊहल कवीचें हें काव्य डॉ. आ. ने. उपाध्ये यांनीं संपादून १९४९ सालीं प्रसिद्ध केलें. त्याचा नायक पैठणचाच राजा, सातवाहन हाल. नायिका सिंहलद्वीपाची राजकन्या लीलावती. शरदऋतूच्या चांदण्या रात्रीं पत्नीनें गोष्ट सांगण्याचा आग्रह केला म्हणून कवीनें ती सांगितली, अशी त्याची मांडणी आहे. यांत विलंब होतो तो कोणा दुष्टामुळें नव्हे. लीलावतीचें मन चित्र पाहूनच हालावर जडलेलें असतें, आणि हालासही ती हवी असते. परंतु आपल्या सखीस तिचा हरवलेला प्रियकर परत मिळेपर्यंत आपण लग्न करणार नाहीं, असा निश्चय ती स्वतः करते. राजा थांबतो, सेना थांबते, काव्यही थांबतें. येथेंही तेंच दिसतें. पुरुष पराक्रमी आहे, पण कथेची दोरी स्त्रीच्या शब्दाच्या हातीं आहे.

मराठी कादंबरी एकोणिसाव्या शतकांत जन्मास आली तेव्हां या अंतरानेंच तिला पेंचांत टाकलें. मुलीचें लग्न आठव्या-नवव्या वर्षीं होत असे. मग प्रेमास अवकाश कोठला? नारो सदाशिव रिसबूड यांनीं १८६८ सालच्या 'मंजुघोषा' या कादंबरीच्या प्रस्तावनेंत ही अडचण मोकळेपणानें सांगितली आहे. आपल्या विवाहाच्या रीतीमुळें आणि इतर कारणांमुळें हिंदूंच्या रोजच्या आयुष्यांत चटकदार असें कांहीं घडत नाहीं, म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहूं पाहणाऱ्यास अद्भुताकडे वळावें लागतें, असा त्यांचा आशय आहे. त्या पिढीच्या कादंबऱ्यांतून राजपुत्र, राजकन्या, कारस्थानी प्रधान आणि घोर अरण्यें कां दिसतात, याचें हें लेखकानेंच दिलेलें कारण आहे. त्यांची टवाळी करणें सोपें आहे. पण ते लेखक खऱ्या जगांत न मिळणारी तीन-चार वर्षें आपल्या नायिकेसाठीं अरण्यांत जाऊन शोधीत होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे टवाळी करवत नाहीं.

हरि नारायण आपटे यांनीं दुसरी वाट काढली. 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' पत्रांतून १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यांत लग्न आधीं होतें आणि ओळख मागाहून. लहानपणींच बांधली गेलेली यमुना आणि तिचा नवरा यांच्यांत हळूहळू जो जिव्हाळा उपजतो त्यास घरांतलीं माणसें, रीती आणि भिंती आड येतात. नवराबायकोनें मोकळेपणानें दोन शब्द बोलावेत, एवढीच त्या प्रणयाची मागणी आहे, आणि तीही मोठ्या कष्टानें पुरी होते. पुढें यमुनेच्या कपाळीं वैधव्य येतें तेव्हां वाचक हळहळतो तो त्या थोड्या मिळालेल्या दिवसांसाठीं.

नंतर काळ बदलला. १९२९ सालीं शारदा कायदा होऊन मुलीच्या लग्नाचें किमान वय १४ आणि मुलाचें १८ ठरलें. त्याच वर्षीं ना. सी. फडके यांची 'दौलत' प्रसिद्ध झाली. कॉलेज, टेनिस, मोटार आणि थंड हवेचीं ठिकाणें यांच्या संगतीनें फडक्यांच्या नायक-नायिकांना भेटण्यास, रुसण्यास आणि गैरसमज करून घेण्यास मुबलक वेळ मिळाला. तेव्हां मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता आणि बीड जिल्ह्यांत एकही महाविद्यालय नव्हतें. येथल्या वाचकास फडक्यांचें कॉलेज हें रिसबुडांच्या राजवाड्याइतकेंच दूरचें होतें, आणि म्हणूनच तितकेंच रम्यही. उलट विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' या १९३३ सालच्या संग्रहानें खळबळ उडविली. त्यांतल्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींना मधला काळ मिळाला होता, पण तो संपेना. घरास तिचा पगार हवा आणि तिच्या मनाची कोणास पर्वा नाहीं. अंतराची गोडी आणि अंतराची शिक्षा यांच्यांत फारसें अंतर नसतें, हें त्या कथांनीं दाखविलें.

अर्थात् प्रत्येक विलंब गोड नसतो. वाईट प्रणयकथा ओळखण्याची एक साधी खूण आहे. नायकानें नायिकेस एक वाक्य विचारलें असतें तर सारा घोटाळा मिटला असता, आणि तो तें विचारीत नाहीं तें केवळ आणखी शंभर पानें भरावयाचीं आहेत म्हणून, असें जेथें दिसतें तेथें वाचकानें पुस्तक खुशाल मिटावें. रुक्मिणीच्या आड भाऊ आहे, कोसांचें अंतर आहे, सरणारी रात्र आहे. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरींत बाहेरचे अडथळे आहेतच, पण मोठा अडथळा दोघांच्या मनांतच आहे. धनाढ्य डार्सीचें पहिलें मागणें एलिझाबेथ धुडकावून लावते, आणि तो नकार पचविल्याविना तो तिला योग्य होत नाहीं. अडथळा खरा असला म्हणजे तो ओलांडतांना माणसें बदलतात. खोटा असला म्हणजे फक्त पानें उलटतात. बाजारांतील बहुतेक प्रणयकादंबऱ्या या दुसऱ्या जातीच्या आहेत हें कबूल करावें लागेल. त्या वाचून विसरल्या जातात, यांत नवल नाहीं.

नीतीच्या दृष्टीनें घेतलेला आक्षेप मात्र वेगळा, आणि तो तितकाच पुरातन आहे. भास्करभट्ट बोरीकरांनीं 'शिशुपाळवध' लिहिला तेव्हां पंथांतल्याच जाणत्यानें त्यास चांगला म्हटलें, पण संसार सोडलेल्यांस तो योग्य नव्हे असा शेरा दिला; कवीनें मग विरक्तिपर ग्रंथ रचला, असें सांगतात. अलीकडच्या काळांत चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला झाला. ती 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांत आली होती. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ सालीं निकाल लेखकाच्या बाजूनें लागला. शृंगाराच्या वर्णनानें तरुण बिघडतील ही भीति दोन्हीकडे सारखीच. परंतु शिकवणुकीच्या दृष्टीनें पाहिलें तर मोठा स्फोटक पदार्थ शृंगारांत नसून पत्रांत आहे. मुलीस आपलें मत असतें, तें तिला लिहितां येतें, आणि तें लिहिल्यावर जग हलतें, ही गोष्ट कोणत्याही चुंबनाहून व्यवस्थेस अधिक जड जाणारी आहे. नवल हें कीं, आक्षेप घेणाऱ्यांनीं तिकडे कधीं बोट दाखविलें नाहीं.

बीड जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा राहत नाहीं. दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास येथून लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात. त्या धंद्यांत नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि मुकादमाकडून उचल मिळते ती त्या कोयत्यावर. एकट्या मुलाला अर्धा कोयता म्हणतात. पुरा कोयता व्हावा, मागें राहणारी वयांत आलेली मुलगी कोणाच्या भरंवशावर ठेवावी ही चिंता मिटावी, म्हणून हंगामापूर्वीं लग्नें उरकण्याची घाई होते. कायद्यानें मुलीचें वय १८ हवें. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत या जिल्ह्यांतील २० ते २४ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ४०हून अधिक स्त्रियांचीं लग्नें त्या वयाआधीं झालेलीं आढळलीं. रिसबुडांची १८६८ सालची अडचण येथें पुरती संपलेली नाहीं. पंधराव्या वर्षीं जिची सुपारी फुटते तिला प्रणयकथेंतला मधला काळ मिळतच नाहीं. ती सासरीं पोहोंचते आणि तेथून उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपींत.

अशा घरांतली एखादी मुलगी शाळेंत टिकली, आणि तिच्या हातीं नाथांची पोथी, वाचनालयांतली कादंबरी किंवा मोबाईलवरची एखादी क्रमशः कथा आली, तर ती त्यांत काय वाचते हें तिच्या वडीलधाऱ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. राजपुत्र कसा होता हें ती लवकर विसरते. नायिकेला कोणीतरी विचारलें, तिनें उत्तर देण्यास वेळ मागितला, आणि तो वेळ तिला मिळाला, हा भाग तिच्या लक्षांत राहतो.